पबमेड आणि गूगल स्कॉलर: ‘हेड’ शोधायला दिलं तर कोण किती कामाचं?

शोधसेवेचा कस पाहायचा तर तिला ‘हेड’ शोधायला द्यावं. वैद्यकात हेड म्हणजे डोकं, पण मांडीच्या हाडाचं गोल टोक आणि स्वादुपिंडाचा रुंद भागही हेडच. जलविज्ञानात हेड म्हणजे पाण्याची ऊर्जा दाखवणारी उंची, ती मीटरमध्ये मोजतात. गव्हाच्या फ्युजेरियम हेड ब्लाइट या रोगात हेड म्हणजे ओंबी, व्याकरणात पदबंधाचं शीर्ष, कुटुंबांच्या पाहणीत कुटुंबप्रमुख. २०१७ पासून त्यात ट्रान्सफॉर्मर या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रचनेतल्या अटेन्शन हेडची भर पडली.

जैववैद्यकीय विषयासाठी पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची शोधसेवाच वापरावी, आणि त्याचं कारण मेश. लेखांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी, शोध मोफत, हे आहेच. पण खरी ताकद या ठरावीक विषयशब्दांच्या यादीत आहे. लेखकाने काहीही लिहिलेलं असो, मांडीच्या हाडाच्या टोकाला ‘फीमर हेड’, दृष्टिचेतेच्या हेडला ‘ऑप्टिक डिस्क’ आणि डोक्याच्या इजेला ‘क्रेनिओसेरेब्रल ट्रॉमा’ असे शब्द नेमून दिलेले आहेत. अर्थांची गल्लत इथे मुळातच कमी होते.

मात्र नुसतं ‘हेड’ टाकून एंटर दाबलं की हा फायदा बराचसा वाया जातो. टॅग, म्हणजे कुठे शोधायचं ते सांगणारी खूण, नसलेला शब्द पबमेड मेशमध्ये शोधतं आणि त्याशिवाय नोंदीच्या जवळपास सगळ्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यांमध्येही. त्यात लेखकाचा पत्ता येतो, म्हणून ‘हेड ऑफ डिपार्टमेंट’ असं पद लिहिलेला मूत्रपिंडावरचा लेखही हजर होतो. हेड आडनावाचे लेखकही येतात. म्हणून शोध झाला की ॲडव्हान्स्ड पानावर जाऊन हिस्टरीतला डिटेल्सचा बाण उघडावा आणि आपल्या शब्दांचं पबमेडने काय केलं ते वाचावं. निकालांचा आकडा पाहण्याआधी हे करावं. नको ते फील्ड दिसलं तर शब्दाला चौकोनी कंसात टीआयएबी (tiab) हा टॅग लावावा. मग शोध शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट आणि लेखकांचे कीवर्ड एवढ्यापुरता राहतो.

मेशमधला ‘हेड’ हा शब्दही फसवतो. मेशची यादी झाडासारखी मांडलेली आहे आणि हा शब्द आपोआप खालच्या सगळ्या फांद्यांसह उघडतो, त्यामुळे पापणी, ओठ, हनुवटी, कान यांवरचे लेख आत येतात. मेंदू मात्र येत नाही, कारण तो मज्जासंस्थेच्या फांदीवर आहे. फांद्या नको असतील तर ‘नोएक्स्प’ची (noexp) जोड द्यावी, मेंदू हवा असेल तर तो वेगळा ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडावा.

शब्दाच्या सुरुवातीवरून पुढची सगळी रूपं शोधणारं फुलीचं चिन्हही (*) जपून. किमान चार अक्षरं लागतात आणि इंग्रजी हेडची बरोबर चारच भरतात, त्यामुळे पबमेड ते मुकाट्याने स्वीकारतं आणि हेडेक, हेडिंग, हेडस्पेस सगळं पुढ्यात ओततं. शिवाय फुली लावली की मेशशी आपोआप होणारी जुळणी बंद पडते, म्हणजे नुकसान दुहेरी.

२०२२ मध्ये आलेली प्रॉक्सिमिटीची सोय अशा शब्दासाठी फार मोलाची आहे. ‘हेड पॅनक्रिआस’ अवतरणात घालून टीआयएबीपुढे विसर्ग, लहरचिन्ह आणि २ लिहिलं ([tiab:~2]) की दोन शब्दांमध्ये जास्तीत जास्त दोन शब्द चालतात, क्रम कुठलाही. ‘हेड ऑफ द पॅनक्रिआस’ सापडतं, ‘पॅनक्रिआस हेड’ही सापडतं. ‘पॅनक्रिॲटिक हेड’ सापडत नाही, कारण तो शब्दच वेगळा. तो ‘ऑर’ने जोडावाच लागतो. प्रॉक्सिमिटीत फुली चालत नाही, तेव्हा प्रत्येक रूप हाताने लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदा केलेली ओळ जतन करून ठेवता येते.

एक उणीव लक्षात ठेवावी: अगदी ताज्या नोंदींना मेश लागलेलं नसतं, आणि काही नोंदींना ते कधीच लागत नाही. म्हणून मेशची ओळ आणि टीआयएबीची ओळ दोन्ही लिहून ‘ऑर’ने जोडाव्यात. फक्त मेशवर विसंबलेला शोध नेमके नवे लेख गमावतो.

वैद्यकाबाहेर पडलं की गूगल स्कॉलर या सगळ्या विषयांच्या शोधसेवेशिवाय सोय नाही. तिथे विषयशब्दांची यादी नाही, म्हणून अर्थ शेजारच्या शब्दाने बांधावा लागतो. ‘हेड डायरेक्शन’ घ्या: मेंदूविज्ञानात या नावाच्या पेशी प्राण्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नोंदवतात, भाषाविज्ञानात हाच मुद्दा शीर्ष आधी की नंतर याचा असतो. ‘सेल्स’ किंवा ‘पॅरामीटर’ जोडला की दोन्ही गट बऱ्यापैकी वेगळे होतात. पाण्याच्या विषयासाठी ‘हायड्रॉलिक हेड’ किंवा ‘हेड लॉस’ अवतरणात द्यावं. अटेन्शन हेडसाठी एकवचन आणि अनेकवचन दोन्ही लिहून ‘ट्रान्सफॉर्मर’ जोडावा, नाहीतर डोक्याच्या हालचाली आणि अवधान यांवरचे मानसशास्त्रीय लेख मिसळतात. ‘इनटायटल’ने शोध शीर्षकापुरता ठेवता येतो, वजाचिन्हाने ‘हेड अँड नेक’ काढून टाकता येतं.

स्कॉलरचं मोठं दुखणं म्हणजे कितीही निकाल सांगितले तरी पहिले हजारच पाहता येतात, आणि शोधाची ओळ २५६ अक्षरांपुढे जात नाही. पद्धतशीर आढाव्यासाठी एकटं स्कॉलर म्हणूनच पुरत नाही. एखादा लेख कुणी उद्धृत केला ते पाहायला मात्र ते उत्तम: योग्य अर्थाचा एक चांगला लेख हाती लागला की ‘साइटेड बाय’ उघडून ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’वर खूण करावी आणि तिथेच ‘हेड’ टाकावं. बहुतेक परके अर्थ त्या चौकटीबाहेरच राहतात.