डोंबिवलीतील एक घरगुती पाळणाघर: आठ महिन्यांचा अनुभव

डोंबिवली पूर्वेतील ज्या घरगुती पाळणाघरात माझी मुलगी गेले आठ महिने जाते आहे, त्याचे नाव आणि पत्ता मी येथे दिलेला नाही. वाचणाऱ्याला सर्वांत आधी नावच हवे असते, हे मला ठाऊक आहे. परंतु पाळणाघर कोणते, मुलीला सोडायची वेळ कोणती आणि न्यायला कोण येते, हे सारे एकत्र लिहिले तर दीड वर्षाच्या आतील एका मुलीचा दिवसभराचा ठावठिकाणा चारचौघांत मांडल्यासारखे होईल. तरीही हे लिहावेसे वाटले, कारण आम्हाला विश्वासाचे माणूस शोधायला जवळपास सात आठवडे लागले आणि त्या शोधात पाळणाघर कसे पारखावे याबद्दलचे माझे मत पूर्ण बदलले.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे मला २६ आठवड्यांची रजा मिळाली. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे पाळणाघराची सोय असावी, असेही ती दुरुस्ती सांगते. आमचे कार्यालय त्याहून लहान आहे. ते मोठे असते तरी साडेपाच महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन सकाळच्या लोकलने घाटकोपर गाठणे मला शक्य नव्हते. म्हणून घराजवळची सोय पाहणे आले.

पहिल्यांदा आम्ही मुले सांभाळणाऱ्या बायका मिळवून देणाऱ्या एका ॲपवर नोंदणी केली. एकाही बाईची माहिती दिसण्याआधी त्या अर्जात बाळाचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र, नकाशावर खूण करून घराचा पत्ता, आई-वडील घरातून किती वाजता निघतात व किती वाजता परततात, घरात आणखी कोण असते आणि आमच्या दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती, एवढे सगळे मागितले होते. मी छायाचित्र दिले नाही, आणि नावाच्या जागी आजीने ठेवलेले एक टोपणनाव लिहिले, जे तोपर्यंत घराबाहेर कोणालाही माहीत नव्हते. चौथ्या दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी तेच टोपणनाव घेऊन बाळाच्या नावाने गुंतवणूक योजना सुचवली. त्या क्षणी माझ्या हातापायांतले त्राण गेले, कारण ज्या अर्जात ते नाव होते त्याच अर्जात आमचे घर दिवसभर केव्हा रिकामे असते हेही लिहिलेले होते. माहिती पुसून टाका, अशी लेखी मागणी मी त्याच रात्री केली. ती पुसल्याचे उत्तर यायला १९ दिवस आणि पाच ईमेल लागले.

त्या ॲपने पाठवलेल्या पहिल्या बाईंबद्दल माझी काहीच तक्रार नाही; त्या प्रेमळ होत्या आणि बाळाला घेण्याची त्यांची पद्धत सरावाची होती. परंतु ‘पोलीस पडताळणी पूर्ण’ असा शिक्का असलेल्या त्यांच्या माहितीसोबतचा कागद उघडून पाहिला, तेव्हा ती केवळ अर्ज दाखल केल्याची पोच निघाली. पडताळणी होऊन मिळालेले प्रमाणपत्र वेगळे असते. पोच आणि प्रमाणपत्र यांतील हा फरक ज्यांना माणूस ठेवायचे आहे त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः पाहावा. कंपनीने लावलेल्या शिक्क्यावर विसंबू नये.

पुढे एका मोठ्या, देखण्या पाळणाघरात चौकशी केली. तेथे प्रत्येक खोलीत कॅमेरा होता आणि त्याचे थेट चित्रण सर्व पालकांच्या मोबाइलवर दिसत होते. व्यवस्थापिकेने ही सोय मोठ्या अभिमानाने दाखवली. त्या दोन मिनिटांत तीन-चार परक्या मुलांची कपडे बदलताना आणि झोपताना दिसणारी दृश्ये मी पाहिली. त्यांच्या आई-वडिलांना मी कोण हे माहीत नव्हते, आणि मी तेथे अजून प्रवेशही घेतलेला नव्हता. कॅमेराच नको, असे मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीच्या चित्रीकरणामुळेच उघडकीस आली, आणि हे ठाणे-नवी मुंबईकडचे आई-वडील विसरलेले नाहीत. परंतु तेथे उपयोगी पडले ते साठवून ठेवलेले चित्रण; पन्नास मोबाइलवर दिवसभर चालणारे थेट प्रक्षेपण ही निराळी गोष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो, आणि मुलांचा माग ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्यांना देखरेखीपुरती सवलत आहे, पण ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिलेली असल्यामुळे तूर्त तरी ही जबाबदारी बरीचशी आपल्याच अंगावर आहे.

सध्याच्या पाळणाघराचा पत्ता आम्हाला दूध टाकणाऱ्या दादांकडून मिळाला. मी गेले तेव्हा ते चालवणाऱ्या काकूंच्या घरात पाच मुले होती. दोन चटईवर झोपलेली, एक झोळीत, आणि दोन जण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी डबे वाजवत बसलेली. मी नेहमीप्रमाणे इतर पालकांचे क्रमांक मागितले. काकू म्हणाल्या, “त्यांचे नंबर मी असे देणार नाही. तुमचा नंबर त्यांना देते. त्यांना वाटलं तर त्या करतील फोन.” त्या वेळी मला ते थोडे लागले. त्याच संध्याकाळी तेथील दोन मुलांच्या आयांचे फोन आले आणि प्रत्येकीशी अर्धा तास बोलणे झाले. रात्री विचार करताना लक्षात आले की ज्या बाईने त्या दोघींचे क्रमांक मला दिले नाहीत, ती माझाही क्रमांक उद्या कोणाला देणार नाही. माणूस पारखण्याची याहून चांगली खूण मला त्या सात आठवड्यांत सापडली नाही.

प्रवेशाचा अर्ज म्हणजे वहीचे एक पान आहे. मुलीचे नाव, आमचे दोन क्रमांक, डॉक्टरांचा क्रमांक, कशाची ॲलर्जी आहे का, आणि तिला न्यायला येऊ शकणाऱ्या तिघांची नावे, इतकेच त्यावर लिहिले. आम्ही काकूंकडून ओळखीचा कागद मागितला, तेव्हा त्यांनी मूळ आधार कार्ड समोर ठेवले आणि ज्या प्रतीत फक्त शेवटचे चार अंक दिसतात ती प्रत दिली. त्या प्रतीवर तिरक्या रेघेत ‘फक्त पाळणाघराच्या कामासाठी’ असे लिहून खाली तारीख घातलेली होती. ही पद्धत मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि आता कोठेही प्रत देताना तसेच लिहिते.

दिवसभरात एकही छायाचित्र येत नाही. पालकांचा व्हॉट्सॲप गट नाही. पहिल्या आठवड्यात मी लोकलमध्ये सारखी मोबाइल पाहत असे, आणि काहीच न आल्यामुळे जीव कासावीस होत असे, हे मान्य करते. त्याऐवजी संध्याकाळी मुलीच्या पिशवीत लहान वही असते. परवाच्या पानावर असे होते: “११.४० मऊ भात, तूप, मेतकूट, पाऊण वाटी. १.०५ ते २.५० झोप. उठल्यावर थोडी रडली, दात शिवशिवतोय. ४.३० केळं अर्धं, उरलेलं जमिनीला.” दिवाणखान्यात एकच कॅमेरा आहे, त्याचे चित्रण इंटरनेटवर जात नाही, मेमरी कार्डवर पंधरा दिवस राहते, आणि पालकाला हवे तेव्हा काकूंच्या घरी बसून पाहता येते. मी दोनदा पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी चहा ठेवला आणि स्वतः आत गेल्या, म्हणजे मला हवे तेवढा वेळ पाहता यावे.

जुलैमध्ये एका संध्याकाळी पावसाने गाड्या मुंब्र्याच्या अलीकडे अडकल्या. मी पोहोचले तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. आमच्या इमारतीतील एक ओळखीच्या ताई सद्भावनेने मुलीला न्यायला गेल्या होत्या, पण वहीतील तीन नावांत त्यांचे नाव नव्हते, म्हणून काकूंनी मला फोन केला. माझा लागला नाही, तेव्हा मुलीच्या वडिलांना केला, आणि तोही लागला नाही म्हणून त्यांनी मुलीला दिलेच नाही. त्या ताई काही दिवस नाराज होत्या. काकूंनी केले तेच बरोबर होते, आणि मी हे ताईंनाही समजावून सांगितले.

उणिवाही आहेत. जागा लहान आहे, मुलांना मोकळ्या हवेत नेले जात नाही, आणि चालू लागलेल्या मुलाला ते पुढे अपुरे पडेल. ताप असलेल्या मुलाला घेत नाहीत, हे रास्त असले तरी रजा कमी असलेल्यांना जड जाते. गणपतीत पाच दिवस आणि दिवाळीत आठवडाभर बंद असते. महिना ६,५०० रुपये आगाऊ द्यावे लागतात आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही; ती स्वतःहून दिली जावी, असे मी त्यांना सांगितले आहे. एकट्या बाईवर चालणारी व्यवस्था असल्यामुळे त्या आजारी पडल्या की त्यांची बहीण येते, आणि त्या बहिणीची ओळख आम्हाला तिसऱ्या महिन्यात करून दिली गेली. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी काकूंना वाचून दाखवला. उणिवांना त्यांनी हरकत घेतली नाही. इमारतीजवळची एक खूण आणि एका मुलाबद्दलचे एक वाक्य मात्र काढायला सांगितले. ती दोन्ही काढली आहेत.