ट्रनियनला ग्रीस नाही, तेल लागतं (आणि माझे ९१,६९७ रुपये)

जुन्या गाडीचे पार्ट मागवताना फसलो, त्यात किती गेले तो आकडा आधी सांगून टाकतो म्हणजे लाज एकदाची संपते. ९१,६९७ रुपये. १८,५०० पहिले गेले, मग २७,८००, मग ६,४८०, हे तीन मी माझ्या हातानं पाठवले, आणि शेवटचे ३८,९१७ मी दिलेच नाहीत, ते काढून घेतले. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

आणि 'कोणीतरी भोळाभाबडा असेल' हे डोक्यातून काढा. नागपूरच्या इतवारीत माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, दिल्ली-लुधियाना-कोईमतूरहून माल येतो, बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) सोडवतो, जीएसटी भरतो, आणि दुकानातल्या पोट्ट्यांना 'अनोळखी लिंक दाबू नका बे' असं रोज ओरडून सांगणारा पण मीच.

तर गाडी. आमच्याकडे ट्रायम्फ हेरल्ड १२०० आहे, १९६३ ची, कापडी टपाची कन्व्हर्टिबल, काकांनी १९७४ मधे कामठीच्या छावणीतल्या एका साहेबाकडून घेतलेली. ११४७ सीसी इंजिन, समोरचं अख्खं नाक मडगार्डसकट पुढे कलंडतं, चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं, आणि २५ फुटांत वळते, इतवारीच्या गल्लीत आजही नवीन गाड्यांना लाजवेल अशी. काका आता ७८ चे. त्यांचं एकच म्हणणं होतं की झीरो माइलपासून टप उघडा टाकून कन्याकुमारीपर्यंत जायचं. रस्ता सरळ आहे, वर्धा रोडनं निघा आणि एनएच ४४ सोडूच नका, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळुरू, मदुराई, साधारण सतराशे किलोमीटर. दिवसाला तीनशेच्या वर नाही, आणि डिसेंबरमधेच, कारण नागपूरच्या मे महिन्यात उघडी गाडी म्हणजे तवा आणि आपण त्यावरची भाकर.

दिवाळीपासून तयारी करून राहिलो होतो. रेडिएटर उघडून जाळी नवी टाकली, ब्रेकचे चारही ड्रम खोलून सिलिंडर किट बदलले, पॉइंट-कंडेन्सर डबल घेतले, फॅन बेल्ट दोन, पाच ट्यूब. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप काढून फेकले, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते चालत नाही, पाइप फुगतो, मऊ होतो आणि ऐन गरम इंजिनवर गळतो. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी हे आजच करा, माझ्या रडगाण्याशी याचा संबंध नाही पण करा.

राहिल्या दोन गोष्टी. एक टप, ज्याचं कापड घडीवर चिरलं होतं आणि मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी होऊन गेली होती, आणि दुसरं पुढच्या चाकांचे ट्रनियन. हे जरा समजून घ्या कारण सगळी कथा इथेच आहे. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला खाली पितळी तुकडा असतो, तोच ट्रनियन, त्यात लोखंडी उभा लिंक आट्यांवर बसतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की तो लिंक त्या आट्यांतच फिरतो. आत पाणी गेलं, कोरडा पडला की आटे गंजतात आणि एके दिवशी लिंक तुटून चाक बाहेर आडवं होतं. म्हणून त्यात गिअर ऑइल घालायचं, ईपी ९०, ग्रीस घालायचं नाही. ग्रीस वरवर बसतं, आट्यांत नीट उतरत नाही. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा काकांनी हातात ऑइलगन देऊन हे शिकवलं होतं, चड्डीवर तेल सांडलं म्हणून आईचा मारही खाल्ला होता.

इंग्लंडहून दोन्ही गोष्टी मागवायच्या तर पोस्टेज आणि कस्टम धरून ७० हजारांच्या वर जात होतं, आणि डिसेंबरच्या आत येईल याची कोणी हमी देईना. तेवढ्यात जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी एक नंबर फॉरवर्ड केला. चेन्नईचा पार्टवाला, स्टँडर्ड कंपनीचा जुना स्टॉक, डबाबंद. आता हे ऐकायला किती खरं वाटतं बघा ना, स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून मद्रासलाच बनत होती, कंपनी बंद पडून जमाना झाला, मग कुठल्यातरी गोडाऊनमधे माल पडून असेल की नाही? मला तर पटलं. कोणालाही पटलं असतं.

फोन केला. गोड माणूस. हिंदी एकदम सफाईदार, चेन्नईचा असून. मी विचारलं तर म्हणे मिसेस लखनौची आहे. ठीक आहे बाप्पा, असेल. चेसीस नंबर विचारला, मॉडेल १२०० की १३/६० ते विचारलं, टप कापडी पाहिजे की रेक्झिनचा ते विचारलं. फोटो पाठवले. टपाच्या फोटोतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, ते मला दिसलं, आणि मी स्वतःच स्वतःला सांगितलं की फोटो उलटा झाला असेल. त्यानं सांगितलंही नव्हतं!

आणि मग तो क्षण. रोज रात्री झोपायच्या आधी आठवतो. मी विचारलं की ट्रनियनसोबत प्लग येतो का, तर तो म्हणाला, 'हां सर, ग्रीस निपल फिट करके दूँगा, हर पाँच हजार पे बढ़िया लिथियम ग्रीस मार देना, लाइफटाइम चलेगा.'

इथेच फोन ठेवायला पाहिजे होता. ज्यानं आयुष्यात एक हेरल्ड जॅकवर घेतली आहे तो ट्रनियनला ग्रीस मारा म्हणणार नाही. हे म्हणजे पुरणपोळीत लसूण टाका म्हणण्यासारखं आहे. आणि मला ते लगेच खटकलं पण, असं नाही की कळलंच नाही. मग मी काय केलं? मी त्याला शिकवलं! दहा मिनिटं. आटे कसे असतात, ग्रीस का चालत नाही, ईपी ९० का, काकांनी मला कसं शिकवलं, सगळं. आणि तो मधे मधे 'वाह सर', 'सही बात सर', 'आप जैसे जानकार लोग अब कहाँ मिलते हैं सर' करत राहिला, आणि मी फुगत गेलो. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो सुद्धा, 'चांगला आहे माणूस, ऐकून घेतो.' त्या रात्री साडेनऊला १८,५०० पाठवले. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं, म्हटलं मिसेस असेल, लखनौवाली.

दोन दिवसांनी माल पॅक झाल्याचा फोटो आणि बिल आलं, ४६,३०० चं. मी उरलेले २७,८०० टाकले. ते बिल मी तेव्हा नीट पाहिलंच नाही. नंतर दुकानातल्या पोट्ट्यानं पाहिलं, बावीस वर्षांचा आहे, आणि म्हणाला, 'भाऊ, चेन्नईचं बिल आहे ना, मंग जीएसटी नंबर ०७ नं कायले सुरू होते? तमिळनाडूचा तं ३३ असते, ०७ दिल्लीचा हाय.' मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. महाराष्ट्र २७, तमिळनाडू ३३, दिल्ली ०७, हे आकडे मी झोपेत सांगू शकतो. तुम्ही सगळे प्लीज बिलावरच्या नंबराचे पहिले दोन आकडे आधी बघा, आणि अख्खा नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून फर्मचं नाव बघा, फुकट आहे, मिनिटभर लागत नाही.

मग ६,४८०. ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि इन्शुरन्सचे. आता व्यापारी हसतील, कारण ई-वे बिल बनवायला एक पैसा लागत नाही, आणि ५० हजारांच्या आतल्या मालाला ते सहसा लागतच नाही. मी म्हणालो त्याला हे. तो म्हणाला इकडे ट्रान्सपोर्टवाले त्याशिवाय इंटरस्टेट माल उचलत नाहीत सर, आणि पैसे रिफंडेबल आहेत. मला वाटलं ४६,३०० अडकलेत, ६,४८० नं काय होते. हा विचार आला की समजून जा, तुम्ही गळाला लागलेले आहात.

शेवटी ट्रान्सपोर्टच्या नावानं मेसेज, बिल्टी ट्रॅक करायला ॲप टाका. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरला बगल देऊन थेट टाकायचं ॲप. मी टाकली. हो, टाकली. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, काका दोनदा फोन करून 'टप आला का रे' विचारून चुकले होते, मी घाईत होतो. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. रात्री ९:४० ला २४,९९९ आणि ९:४३ ला १३,९१८. ओटीपी आले कधी, गेले कधी, मला काही कळलं नाही, मी जेवून राहिलो होतो. मी ओटीपी कोणाला सांगितला नाही हे इथे परत लिहून ठेवतो, कारण पुढे सगळ्यांनी मला तेच विचारलं.

अशा वेळी ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो, त्याच मिनिटाला, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी कधी केला? दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. का? लाज वाटली म्हणून. रात्रभर त्या हरामखोराला फोन लावत बसलो, जणू तो उचलून सॉरी म्हणणार होता. तक्रार नंबर मिळाला, आणि सगळ्या रकमेतले फक्त ३,१०० रुपये कुठल्यातरी खात्यात होल्ड झाले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी किती, विचारू नका.

आता बँक. मॅनेजरनं पहिल्या तीन रकमांसाठी तर कागद पण हातात घेतला नाही, 'तुम्ही स्वतः पाठवले ना, मंग?' बरं, मान्य. पण ३८,९१७ चं काय? मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रिंट काढून नेलं होतं, त्यात लिहिलंय की चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. तर म्हणे ॲप तुम्ही टाकलं ना, झालं सिद्ध. चहा मात्र पाजला. लेखी द्या म्हटलं तर 'वरून येईल'. वरून म्हणजे कुठून, आभाळातून? तुम्ही गेलात तर तोंडी काही बोलू नका, अर्ज द्या आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या, कारण ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि ते ३० दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात. मला हे तिसऱ्या चकरेला कळलं.

आणि पोलीस ठाणं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथेच राहायचं आहे. पहिल्या दिवशी म्हणाले साहेब बंदोबस्तात, हिवाळी अधिवेशन आहे. दुसऱ्या दिवशी पण अधिवेशन. चौथ्या दिवशी एक जण भेटला, त्यानं अर्ज वाचला, परत वाचला, आणि मला विचारलं, 'या गाडीले छत नाही?' मी म्हटलं तेच तर मागवलं होतं. 'मंग आतापर्यंत पाऊस आला तं काय करत होते?' मग बाजूच्याला बोलावून फोटो दाखवला. मग दोघांनी मला सल्ला दिला की वयस्कर माणसाला एवढ्या जुन्या गाडीत नेऊ नका, इनोव्हा भाड्यानं करा. मी तिथे फसवणुकीची तक्रार करायला गेलो होतो, सहलीचा सल्ला घ्यायला नाही!

शेवटी म्हणे गुन्हा चेन्नईत घडला, तिकडे द्या. मी म्हटलं अहो पैसे नागपुरातून गेले, माझा फोन नागपुरात होता, आणि नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मधे, स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'वकील आहात का?' नाही म्हटलं. 'मंग बसा.' दोन तास बसलो. झेरॉक्स सात वेळा काढली, समोरच्या झेरॉक्सवाल्यानं शेवटी ओळखीचा म्हणून दोन रुपये सोडले. एवढ्या सगळ्या सरकारी यंत्रणेत मला सवलत देणारा तो एकटा. अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर अजून नाही. अधिवेशन संपून महिना झाला, आता म्हणतात ज्यांच्याकडे कागद होते त्यांची बदली झाली.

लोक विचारतात व्हिडिओ कॉल का नाही केलास. केला असता. त्याचा कॅमेरा खराब होता म्हणे. माल हातात धरून, आजची तारीख कागदावर लिहून दाखव म्हणा, जो दाखवणार नाही त्याच्याकडून नट पण घेऊ नका. आणि बिल्टी आली की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यानं दिलेल्या नंबरवर नाही. माझ्या दुकानापासून असं ऑफिस चालत पाच मिनिटांवर आहे, मी गेलो नाही.

काकांना आठ दिवस सांगितलं नाही. मग सांगितलं, सगळं, ग्रीसच्या फोनसकट. त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, 'ग्रीस म्हणाला, तेव्हाच नाही समजलं तुले?' नंतर उठून शेडमधे गेले. मी मागून गेलो तर खाली पोतं टाकून बसले होते, पुढचं चाक काढलेलं, आणि जुन्याच ट्रनियनमधे ऑइलगननं तेल भरून राहिले होते.

टप अजून चिरलेलाच आहे, सध्या त्यावर ताडपत्री बांधली आहे. आणि त्या पार्टवाल्याचा नंबर अजून चालू आहे. परवा पोट्ट्याच्या फोनवरून पाहिलं, डीपीवर हेरल्ड नाही आता, विलीज जीप आहे. जीपवाल्यांनो, तुमचा नंबर लागला.