देवगडला कायमचं राहावं, की जाऊन यावं?

पेन्शन सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या माणसाला एकदा तरी समुद्राचं वेड लागतं. मलाही लागलं. आधी तीन हिवाळे पंधरा-पंधरा दिवस देवगडला जाऊन आलो, मग हिंमत करून देवगडला लागूनच असलेल्या जामसंड्यात घर भाड्यानं घेतलं आणि वर्षभर राहिलो. म्हणून दोन्हीकडचं सांगतो. तुमची प्रकृती वेगळी असेल, तर माझं ऐकून सोडून द्या.

पाहुण्यासाठी गाव सोन्यासारखं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी अन् बंदर, चिंचोळ्या जमिनीच्या टोकाशी किल्ला आणि १९१५ सालचं दीपगृह. डिसेंबरात आमच्याकडे शेकोट्या पेटतात, तेव्हा तिथे साध्या सदऱ्यावर भागतं. प्रवास लांबचा आहे. बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडी धरायची, कणकवलीला उतरायचं, पुढे एसटीनं दीड-दोन तास. वर्षातून एकदा जमतं. राहायला गेलात की लग्न, मयत, तुरीची सोंगणी, सगळ्यांना हाच रस्ता.

राहणाऱ्याच्या वाट्याला काही गोष्टी जास्त येतात, हे कबूल. एप्रिलात शेजारीण हापूस न सांगता दारात ठेवून जाते. बंदरावर ओळख झाली की मासळीला भाव विचारावा लागत नाही. फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुक्यावर भागवायचं. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. आमची कपाशी त्याच्या निम्म्याहून कमी पावसावर निघते. ज्वारीच्या पिठाला वास लागला, बायकोच्या कुरडया डब्यात मऊ पडल्या. हे सगळं चाललं असतं.

चाललं नाही ते कूलरचं.

सामानाच्या टेम्पोत मी आमचा लोखंडी कूलर टाकला होता. पंचेचाळीस डिग्रीत जो दुपारी गोधडी घ्यायला लावतो, तो तिथल्या तेहतीसमध्ये काय लोळवेल, असा हिशेब. मे महिन्यात नवीन गवत लावलं, पाणी भरलं, चालू केला. अर्ध्या तासात चादर ओली, अंग चिकट, भिंतीला घाम. तिथल्या हवेत आधीच इतकं पाणी, की कूलरचं पाणी उडायलाच तयार नाही. अन् पाणी उडल्याशिवाय गारवा कुठून यावा? माझ्या घामाचंही तेच. आमच्याकडे उन्हात माणूस भाजतो, पण सावलीत आला की सुटतो. तिथे सावलीतही सुटका नाही. घरमालक दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "गुरुजी, ह्येचा हय काय उपयोग नाय."

एसी लावता येतो, नाही असं नाही. पण मग खिडक्या बंद, अन् ज्या लाटांच्या आवाजासाठी एवढ्या लांब आलो, तो बाहेर.

राहायचंच ठरवलं असेल, तर घर डिसेंबर बघून घेऊ नका. मे महिना एकदा तिथे काढा, दुपारच्या झोपेसकट. मी स्वतः आता दिवाळीनंतर महिनाभर जातो आणि संक्रांतीच्या आत दारव्ह्यात परततो. कूलर परत आणलाच नाही. खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात त्याच्या पत्र्याला भोकं पाडली. मागच्या खेपेला पाहिलं, तर घरमालकांनी परसात आडवा टाकून त्यात कोंबडी खुडुक बसवली होती.