ग्रॅमला पाचशे

आप्पांना लकवा मारला त्या सकाळी एक गोष्ट आमच्या हातून बरोबर झाली. सातच्या सुमारास हातातली कपबशी सुटली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका ‘आधी तेल चोळा’ म्हणत होत्या, तोवर शेजारच्या पोरानं गाडी काढली. दीड तासात मिरजेत पोचलो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. ते साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे मला तिथंच कळलं.

घोटभर पाणी पाजून ठसका लागत नाही हे बघितल्यावरच नर्सनी पेज भरवू दिली. फिजिओच्या मॅडम उजव्या हाताखाली उशी ठेवायला शिकवायच्या. दर दोन तासांनी कूस बदला, उठवताना लुळा हात धरून ओढू नका, हे तर त्यांनी दहादा सांगितलं असेल. सगळं नीट चाललं होतं. मग मी कँटीनमध्ये चहा प्यायला गेले.

पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. “ताई, पेशंट कोण? कोणती बाजू गेली?” त्याच्या सासऱ्यांचीही म्हणे उजवीच गेली होती, आता शेतात जातात. एका वैद्याचा नंबर दिला. स्वतः एक रुपया घेतला नाही, चहाचे पैसेसुद्धा त्यानंच दिले. तिथंच माझा विश्वास बसला. बी.कॉम. झालेय मी, हेही सांगून टाकते.

डिस्चार्जनंतर वैद्य घरी आला. “भस्म पाचशे रुपये” म्हणाला. आईनं मान हलवली. त्यानं सहा-सात पुड्या सोडल्या, खलात घोटल्या, मध घातला आणि मग वजन केलं. ८६ ग्रॅम. ग्रॅमला पाचशे, म्हणजे ४३,००० रुपये! परत घ्या म्हटलं तर, “मिसळलेलं आता कुणाला देऊ?” आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

पैसे गेले ते गेले, पण खरा घात पुढेच. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा, व्यायाम नको, शीर ताणली जाते, आणि डॉक्टरांना सांगू नका, औषधाचा गुण जातो. आम्ही तिन्ही पाळलं. आप्पा चमचा डाव्या हातानं ढकलून द्यायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, आम्ही म्हणायचो, आजारानं चिडचिडे झालेत.

दहाव्या दिवशी उजवा अंगठा हलला. आईनं वैद्याला फोन करून नमस्कार सांगितला.

पाच आठवड्यांनी खांदा एवढा दुखायला लागला की सदरा घालताना ओरडायचे. परत मिरज. बीपी १९०/११०. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त गोळ्या कधीपासून बंद आहेत ते विचारलं. अंगठ्याचं कौतुक मी सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, वॉर्डातला तुमचाच व्हिडिओ उघडून बघा. सहाव्या दिवशी मीच मोबाइलवर काढलेला. त्यात अंगठा हलतोय. भस्माच्या आधी! पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून सगळ्यात जास्त सावरतो, आणि व्यायामाचा उपयोगही तेव्हाच सगळ्यात जास्त होतो. त्या माणसानं आम्हाला आप्पांचीच सुधारणा विकली, वर त्यातले पाच आठवडे खाल्ले.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, पावती आहे का? नव्हती. लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, पण कँटीनमधल्या गप्पांना जाहिरात कोण म्हणणार? उरलेलं भस्म डब्यात तसंच ठेवलंय, अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. वैद्याचा फोन बंद.

फळांची पिशवी घेतलेला कुणी ‘कोणती बाजू गेली’ विचारत आला, तर त्याचा पेशंट कोणत्या वॉर्डात आहे, बेड नंबर किती, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.