डीप फ्रीझचे पॅच: पेंग्विन पुढे, पुरावा पाठीमागे

ध्रुवीय नौदल मोहिमांचे पॅच, म्हणजे कपड्यांवर शिवायचे भरतकामाचे बिल्ले, जमवायला घेतलं की बाजारात सगळ्यात आधी समोर येतं ते अमेरिकेचं ‘ऑपरेशन डीप फ्रीझ’, म्हणजे तिची १९५५ पासूनची अंटार्क्टिका मोहीम. माल भरपूर, पेंग्विन गोंडस, आणि ‘व्हिंटेज’, ‘ओरिजिनल’, ‘१९५६’ हे शब्द जाहिरातीत लिहायला काही पैसे पडत नाहीत. ऑनलाइन लिलावांत आणि दुकानांत जे तीन-चार प्रकार मिळतात, त्यांतलं काय घ्यावं, काय टाळावं, याचा हा आढावा. निकाल आधीच सांगतो. सुरुवात करणाऱ्याने १९७० नंतरचे व्हीएक्सई-६ या हवाई स्क्वॉड्रनचे पॅच घ्यावेत. पहिल्या चार मोसमांच्या वाटेला लगेच जाऊ नये. नक्कल घ्यायचीच असेल तर नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घ्यावी.

पॅचवर काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. निम्मी भानगड तिथेच मिटते. मोहिमेचं हवाई काम करणारं स्क्वॉड्रन जानेवारी १९५५ मध्ये ‘व्हीएक्स-६’ या नावाने उभं राहिलं. १ जानेवारी १९६९ पासून त्याचं नाव ‘व्हीएक्सई-६’ झालं आणि मार्च १९९९ मध्ये ते बंद झालं. त्यामुळे ‘व्हीएक्सई-६’ आणि ‘डीप फ्रीझ ६२’ एकाच कापडावर दिसले तर विक्रेत्याशी वाद घालत बसू नका, पुढे चला. मोसमांच्या क्रमांकांचंही तसंच. पहिले चार मोसम रोमन आकड्यांत मोजले गेले, १९५५-५६ चा पहिला आणि १९५८-५९ चा चौथा. त्यानंतर ‘डीप फ्रीझ ६०’, ‘६१’ अशी वर्षं आली. हे वर्ष मोसम संपतो ते. म्हणजे ‘डीप फ्रीझ ६२’ म्हणजे १९६१ च्या दक्षिणी वसंतापासून १९६२ च्या उन्हाळ्याअखेरपर्यंत. हा फरक माहीत नसलेला विक्रेता लबाडच असतो असं नाही, पण त्याने लिहिलेल्या बाकीच्या तपशिलावरही मग विसंबू नये.

जहाजांच्या पॅचला नावाआधीची अक्षरं बघा. ‘ग्लेशियर’ हे बर्फफोडं जहाज १९५५ मध्ये नौदलात आलं आणि १९६६ मध्ये तटरक्षक दलाकडे गेलं. ‘यूएसएस ग्लेशियर’ असेल तर पॅचची रचना त्या अकरा वर्षांतली. ‘यूएससीजीसी ग्लेशियर’ असेल तर नंतरची. रचना, असं मुद्दाम म्हटलं, कारण जुनी रचना आज सकाळीसुद्धा शिवता येते. उत्तरेकडचं प्रसिद्ध उदाहरण ‘नॉटिलस’ पाणबुडीचं. ती ३ ऑगस्ट १९५८ ला बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली, पण सफर गुप्त होती आणि बातमी ८ ऑगस्टला जाहीर झाली. ‘सफरीवर प्रत्यक्ष घातलेला ध्रुवाचा पॅच’ अशी जाहिरात म्हणूनच गळ्याखाली उतरत नाही. गुप्त मोहिमेची जाहिरात कोणी आधीच बाहीवर शिवून ठेवत नाही.

अक्षरांतून पास झालेला पॅच उलटा करा. खरी परीक्षा आता सुरू होते.

काठ दोन तऱ्हेचे. एक कापलेला काठ: भरतकाम सपाट टाक्यात संपतं, त्याच्या बाहेर ट्विलची (तिरप्या विणीच्या कापडाची) किंवा फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) बारीक कड उरते, कधी दोन-चार दोरे सुटलेले. दुसरा ओव्हरलॉकचा जाड, गोल गुंडाळलेला काठ. संग्राहक त्याला मेरो काठ म्हणतात, ते काम करणाऱ्या यंत्राच्या कंपनीवरून. मेरो काठ १९६० च्या दशकात सर्रास झाला. काठ शिवून पूर्ण होतो तिथे दोऱ्याची शेपटी उरते. ती पाठीमागे चिकटपट्टीने किंवा गोंदाने दाबलेली असते. ‘डीप फ्रीझ १’ म्हणून दाखवलेल्या पॅचला घट्ट, एकसारखा मेरो काठ असेल तर तो पॅच पुढे केव्हातरी झालेला आहे. हायजंप या अमेरिकी नौदलाच्या १९४६-४७ च्या अंटार्क्टिका मोहिमेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चकचकीत पॅचनाही हीच कसोटी लावा. उलट मात्र खरं नाही. कापलेला काठ दिसला म्हणून पॅच जुना ठरत नाही, कारण नक्कल करणाऱ्यांनाही हा नियम पाठ आहे.

मग अस्तर. पाठीला इस्त्रीने चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचा चकचकीत थर असेल तर तो १९५६ चा माल नाही. पाठीवर सगळीकडे सारखा पांढरा बॉबिनचा दोरा, कडेला न विणलेल्या कापडासारख्या कागदी अस्तराचे तुकडे आणि पुढे मुंगीएवढी अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता येत असतील, तर रचना संगणकावर बसवून भरलेली आहे. जुन्या भरतकामात तीच अक्षरं थोडी भरडी असतात, ‘ए’ चं पोट बुजलेलं असतं. प्रशांत महासागरातली अमेरिकी जहाजं जपानी बंदरांतही पॅच शिवून घेत. तो माल हाताने फिरवलेल्या यंत्रावरचा: रेयॉनचा चमकदार दोरा, जरा फुगीर भराव, आणि एकाच शब्दातली दोन सारखी अक्षरं कधीच तंतोतंत सारखी नाहीत. पाठीवर दोरे एका आकृतीतून दुसरीत उड्या मारत गेलेले दिसतात. हाताला सगळ्यात सुंदर हेच लागतात, आणि नकलाही यांच्याच जास्त होतात.

नकाशा हा आमच्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा पुरावा. डीप फ्रीझच्या बऱ्याच रचनांत पेंग्विनच्या मागे किंवा पायाखाली अंटार्क्टिका असते. रॉस समुद्राची खोल खाच आणि दक्षिण अमेरिकेकडे वळलेली द्वीपकल्पाची शेपटी, या दोन जागा भिंगातून बघा. फोटोवरून घाईने उतरवलेल्या नकलेत खाच उथळ होते आणि शेपटी बोथट. मूळ पॅचच्या खात्रीच्या फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय यावर एकट्यावर निकाल देऊ नका, पण शंका येण्यापुरतं पुरेसं आहे.

लागणारी हत्यारं फार नाहीत: १० पट भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि चिमटा. टॉर्चबद्दल लोकांची समजूत अर्धवट आहे. काळोखात निळसर-पांढरा उजळणारा दोरा म्हणजे चमक आणणारं रसायन लागलेला दोरा, एवढंच सिद्ध होतं. आजचा पांढरा पॉलिएस्टर तसा उजळतो हे खरं. पण १९५८ चा अस्सल सुती पॅच पुढे घरी साबणाच्या पावडरमध्ये धुतला गेला असेल तर तोही उजळेल. म्हणून फरक बघायचा. पॅच पुढून उजळतो आणि टाक्यांच्या आतला दोरा मंद राहतो, तर तो धुण्याचा परिणाम. आत-बाहेर सगळा दोरा सारखाच झगझगतो, तर दोराच नवा.

त्याहून पक्की परीक्षा ज्वाळेची, पण ती फक्त स्वतःच्या मालकीच्या पॅचवर. पाठीमागच्या एखाद्या सुट्या टोकातून ५ मिलिमीटर दोरा चिमट्याने काढा, बशीवर धरून काडी लावा. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात, मऊ राख उरते. लोकर केस जळल्यासारखी घाण मारते. पॉलिएस्टर आक्रसतो, वितळतो आणि कडक काळा मणी उरतो. ‘डीप फ्रीझ २’च्या पॅचमधून मणी निघाला तर पैसे परत मागायची मुदत संपली नसेल एवढीच प्रार्थना.

खोटं म्हातारपण ओळखणं त्यापेक्षा सोपं. चहाच्या पाण्यात बुडवलेला पॅच दोन्ही बाजूंनी सारखाच तपकिरी होतो, टाक्यांच्या मुळाशीसुद्धा. खरं वय एकसारखं नसतं. जॅकेटवर वर्षानुवर्षं राहिलेल्या पॅचचा पुढचा रंग उडालेला आणि पाठीचा ताजा असतो, काठालगत सुईच्या भोकांची रांग असते, क्वचित जॅकेटच्या रंगाचा दोरा त्यात अडकलेला. रंग उडालाय पण भोक एकही नाही, हे जुळत नाही. न वापरलेला जुना साठाही बाजारात येतो, पण तो दोन्ही बाजूंनी ताजा असायला हवा.

आता प्रकारवार मत.

नवीन नकला, साधारण १० सेंटिमीटरच्या, बहुतेक वेलक्रोसकट. भरतकाम स्वच्छ, रंग भडक, टिकाऊपणाला नावं ठेवायला जागा नाही. बॅगेवर लावायला उत्तम. संग्रहात ठेवायच्या असतील तर पाठीशी ‘नक्कल’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर दहा वर्षांनी तुमच्याच वारसाला कोणीतरी फसवलेलं असेल.

१९७० ते १९९९ चे व्हीएक्सई-६ पॅच ही सगळ्यात शहाणी खरेदी. मेरो काठ इथे अपेक्षितच असल्याने काठावरून गोंधळ होत नाही, माणसं हयात असल्याने जॅकेटसकट वस्तू बाहेर पडतात, आणि स्की लावलेल्या एलसी-१३० विमानांच्या रचना देखण्या आहेत. १९७१ मध्ये अंटार्क्टिकातल्या डी-५९ या जागी अपघातात अडकलेलं ३२१ क्रमांकाचं विमान १९८० च्या दशकात बर्फातून उकरून काढलं आणि जानेवारी १९८८ मध्ये उडवत परत आणलं. त्या क्रमांकाचा पॅच मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

व्हीएक्स-६ आणि टास्क फोर्स ४३ (मोहीम चालवणारं नौदलाचं दल) यांचे १९५५-६८ मधले पॅच: मन इथेच अडकतं, आणि पाकीटही. ऑक्टोबर १९५६ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल ड्यूफेक दक्षिण ध्रुवावर विमानाने उतरले, तो हा काळ. पॅचबरोबर खलाशाचं नाव असलेला कागद, जहाजाच्या सफरीचं पुस्तक किंवा टपालशिक्क्याचं पाकीट असेल तरच मोठी रक्कम मोजा. सुट्या पॅचला ‘आजोबांच्या पेटीतला’ ही गोष्ट जोडलेली असेल तर गोष्टीचे पैसे वजा करा.

१९९९ नंतरच्या डीप फ्रीझ पॅचवर न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डच्या १०९ व्या एअरलिफ्ट विंगचं नाव दिसतं. चांगले आहेत, पण ते नौदलाचे नाहीत. समुद्राची बाजू हवी असेल तर तटरक्षक दलाच्या ‘पोलर स्टार’ या बर्फफोड्या जहाजाचे बघा. भारताच्या मोहिमा १९८१ मध्ये गोव्याहून सुरू झाल्या, नौदलाची माणसंही होती, पण त्या वैज्ञानिक खात्याच्या मोहिमा. या संग्रहात त्यांचा कप्पा वेगळा ठेवावा.

खरेदीआधी पाच फोटो मागा: पुढून, मागून, काठाच्या शेपटीचा जवळून, पट्टी शेजारी ठेवून, आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला. भारतात मागवताना टपालखर्च बऱ्याचदा स्वस्त पॅचच्या किमतीला मागे टाकतो आणि वर सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकदम घ्या. पॅच दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवायला सांगा. घडी पडलेला प्लॅस्टिक अस्तराचा पॅच तडकतो आणि ती रेघ जात नाही.

घरी आल्यावर धुऊ नका. लाल दोरा पाण्यात रंग सोडतो आणि पेंग्विनचं पांढरं पोट गुलाबी होतं. धूळ असेल तर जाळी ठेवून व्हॅक्यूमने हलकी ओढा. अल्बम घेताना पीव्हीसीची पानं टाळा. ती काही वर्षांत चिकट होऊन भरतकामाला लागतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पानं घ्या. खेळाडूंच्या कार्डांची नऊ कप्प्यांची पानं उपयोगाची नाहीत, त्यांत १० सेंटिमीटरचा गोल मावत नाही. कप्पा दोन्ही बाजूंनी ११ सेंटिमीटर तरी हवा. वेलक्रोच्या काटेरी बाजूवर आम्लमुक्त कागद ठेवा, नाहीतर ती शेजाऱ्याचे टाके उचकटते.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि सुती पाठीवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाका आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास वाळवले की पुन्हा चालतात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, त्या काही प्लॅस्टिकला मऊ करतात आणि वास वर्षानुवर्षं राहतो. फेल्टच्या पॅचला कसर लागली असेल तर तो पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. डीप फ्रीझच्या पॅचला डीप फ्रीझर, यात कोणाला गंमत वाटली तर वाटो, कीड त्यानेच मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला २४ तास तशीच राहू द्या, नाहीतर दव थेट कापडावर धरतं.