खोलीचे स्वयंपाकघर करताना बदललेले वायरिंग: एका विद्युत ठेकेदाराच्या कामाविषयी

झोपायच्या एका खोलीचे स्वयंपाकघर करून घेताना तिचा वीजपुरवठा आणि वायरिंग ज्या ठेकेदाराकडून बदलून घेतले, त्यांच्या कामाबद्दल हा अभिप्राय आहे. काम एकंदरीत उत्तम झाले, पण त्यातले बहुतेक सगळे गिलाव्याखाली गेले असल्याने नुसते ‘उत्तम’ म्हणून कोणाला काहीच कळणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

पॉइंट किती हवेत हे विचारण्याआधी त्यांनी उपकरणांची यादी मागितली आणि प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॅट स्वतः वाचून वहीत उतरवले. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि १५०० वॅटची किटली साडेसहा. ही दोनच उपकरणे एका वेळी चालू झाली तरी पंधरा अँपिअर होतात, आणि ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रिज, मिक्सर व चिमणी यांचा हिशेब पुढेच राहतो. खोलीत मुळात दिवे, पंखा आणि सहा अँपिअरचा एक सॉकेट एवढ्यांसाठी ओढलेली दीड चौरस मिलिमीटरची तार होती. याआधी आलेल्या एका वायरमनने ‘एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) मोठा टाकू, म्हणजे पडणार नाही’ असा सोपा तोडगा सुचवला होता. या ठेकेदारांनी तो ऐकताच नाकारला, आणि त्यांचे कारण मला पटले: एमसीबी असतो तो तारेच्या रक्षणासाठी, त्यामुळे तार तीच ठेवून तो वाढवला तर तो पडायचा थांबतो आणि तापायचे काम तार करते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते.

म्हणून मीटरपासून खोलीपर्यंत दहा चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची तार आणि खोलीसाठी स्वतंत्र डीबी, म्हणजे सगळे एमसीबी बसवायची वितरण पेटी, असे ठरले. वाढलेल्या भाराला पुरवठा कंपनीची मंजुरी घेतल्याशिवाय जोडणी करणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते आणि ते पाळलेही. ओव्हनला चार चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, शेगडीलाही तिची स्वतंत्र, ओट्यावरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटांना अडीचची आणि दिव्यांना दीडची, अशी विभागणी त्यांनी कागदावर काढून दाखवली. फ्रिजची लाइनही निराळी ठेवली, म्हणजे ओट्यावर काही बिघडून एमसीबी पडला तरी फ्रिज बंद पडत नाही.

जुना जंक्शन बॉक्स त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी वाळून कडक झाली होती आणि तारेच्या वेष्टनाला नख लावताच त्याचा कपचा निघून आला. ‘हे राहू द्या, आपण नवीन लाइन वेगळीच नेतो आहोत’ असे म्हणून झाकण लावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र त्या खोलीतली जुनी तार सगळी ओढून काढली. झिऱ्या, म्हणजे तारांसाठी भिंतीत खोदायच्या खाचा, सॉकेटपासून सरळ उभ्या किंवा आडव्याच पाडल्या, तिरप्या एकही नाही, आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो काढून दिले. पुढे भिंतीत खिळा ठोकताना या फोटोंचा उपयोग किती होतो, हे वेगळे सांगायला नको.

काम झाल्यावर मात्र एक गंमत झाली. शेजारच्या खोलीतला दिवा लावला की स्वयंपाकघराचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडे. स्वयंपाकघरात काहीही चालू नसताना पडे, त्यामुळे त्यांच्या मदतनीसाने ‘आरसीसीबीच खराब निघाला, बदलून देतो’ असा निकाल देऊन टाकला. मुख्य वायरमनने ते मान्य केले नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करत असतो, आणि घरगुती वापरात बसवतात तो प्रकार ३० मिलिअँपिअरच्या आसपासच्या फरकालाही पुरवठा तोडतो. त्याने डीबीतल्या न्यूट्रल तारा एकेक करून सोडवल्या तेव्हा उलगडा झाला: शेजारच्या दिव्याचा फेज जुन्या बोर्डातून येत होता, पण त्याचा न्यूट्रल बदललेल्या खोलीतून जात असल्याने नव्या न्यूट्रल पट्टीवर जोडला गेला होता. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा चाळीसेक मिलिअँपिअर घेतो, तेव्हा एवढ्याशा दिव्याने आरसीसीबी पडावा यात नवल नव्हते. चूक त्यांच्याच माणसांची होती. पण ती शोधताना त्यांनी टाळाटाळ केली नाही, आणि आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला तर मुळीच दिला नाही. हा सल्ला देणारे कमी नाहीत.

हस्तांतरापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगर या मापकाने प्रत्येक लाइनचा इन्सुलेशन रोध (तारेचे वेष्टन प्रवाहाची गळती किती अडवते ते) मोजला आणि प्रत्येक सॉकेटला अर्थिंग पोचते की नाही तेही तपासले. आकडे लिहून सही करून दिले.

तक्रारी दोन आहेत. सिंकजवळचा एक सॉकेट आराखड्यात ठरल्यापेक्षा पाण्याच्या जवळ बसवला होता. आक्षेप घेतल्यावर हलवून दिला, पण भिंत पुन्हा फोडावी लागली आणि तो गिलावा आजही वेगळा दिसतो. दुसरी म्हणजे डीबीवरच्या नोंदी. ‘किचन १’, ‘किचन २’ अशा चिठ्ठ्यांवरून कोणता एमसीबी कशाचा हे घरातल्या दुसऱ्या माणसाला समजत नाही. इतके नीटस काम करणाऱ्यांनी ही पाटी अशी का सोडावी, हे कळत नाही. मी स्वतः एकेक एमसीबी बंद करून पाहिला आणि ‘ओव्हन’, ‘शेगडी’, ‘फ्रिज’, ‘ओटा डावीकडचा’ अशी नावे लिहून चिकटवली. नव्या कामासाठी त्यांनाच पुन्हा बोलावेन, मात्र सॉकेटांच्या जागा भिंतीवर खडूने आखून घेतल्याशिवाय छिन्नी लावू देणार नाही.