पक्ष्याच्या पिंजऱ्याला ऊन की यूव्हीबी दिवा?

"पिंजरा खिडकीपाशीच आहे, मग वेगळा दिवा कशाला?" प्रश्न रास्त वाटतो, पण खिडकी बंद असेल तर उपयोग नाही. साधी काच यूव्हीबी किरणं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, जवळपास सगळी अडवते. उजेड येतो, ऊबही येते. ड जीवनसत्त्व तयार व्हायला जे लागतं तेच नेमकं बाहेर राहतं. वर काचेमागे पिंजरा तापतो तो वेगळाच. पक्षी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकायला लागला, की त्याला ताबडतोब सावलीत घ्यावं.

उघड्यावरचं ऊन मात्र दिव्यापेक्षा सरस. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून, मांजरावर नजर ठेवत, थोडा वेळ बाहेर बसता येत असेल तर दिव्याच्या भानगडीत पडूच नका.

ते जमत नसेल तर दिवा घ्या. आफ्रिकन ग्रे पोपटासाठी तर नक्कीच. कॅल्शियम कमी पडून झटके येण्याचा त्रास त्यांच्यात जास्त दिसतो. दिवा वरून लावायचा, बाजूने लावला तर डोळ्यांवर तिरीप येते. नळी पेटलेली दिसली तरी तिचं यूव्हीबी हळूहळू घटत जातं, म्हणून मुदत संपली की बदलायचीच. जुन्या चोकची ट्यूब टाळा. 50 हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. आपल्याला कळत नाही, पक्ष्यांना जाणवू शकतं.

रात्रीचा 10 ते 12 तासांचा अंधार दोन्हीकडे हवाच. दिव्याला टायमर लावता येतो. उन्हावाल्यांनी संध्याकाळी पिंजरा टीव्हीच्या खोलीतून हलवावा.